संपुष्टातली नदी

वाईच्या आमच्या घरात सकाळची देवपूजा म्हणजे निम्म्या भारतातील नद्यांची हजेरी असे. आजोबा सोवळे नेसून पाटावर बसत, तांब्याचे संपुष्ट उघडत आणि त्यातील दगड एकेक करून ताम्हनात मांडत. तुकतुकीत बाण नर्मदेचा, तांबूस गणपती शोण नदीचा, सोनेरी झाक असलेली देवी आंध्रातील सुवर्णमुखीची, सूर्याचा स्फटिक तंजावरकडचा, आणि या सगळ्यांच्या मधोमध बसणारा काळा शाळिग्राम गंडकीचा. अभिषेकाला पाणी कृष्णेचे, पहाटे घाटावरून भरून आणलेले. पंचायतनातील प्रत्येक दगडाची नदी आजोबांना पाठ होती, पण त्यांतील एकही नदी त्यांनी पाहिलेली नव्हती. ते आयुष्यात एकदाच काशीला जाऊन आले होते. गंडकीबद्दल ते एवढेच सांगत की, तिचे पाणी काळे असते, आणि ते ऐकून मी लहानपणी शाईची नदी डोळ्यांपुढे आणत असे.

माझ्याकडे पूजेची दोन कामे होती. सहाणेवर गंध उगाळून द्यायचे आणि अंगणातून तुळस खुडून आणायची, कारण शाळिग्रामाला अक्षता चालत नाहीत, तुळसच लागते. शाळिग्रामाला हात मात्र लावायचा नाही. तो नियम आजीला होता, आईला होता आणि मलाही होता. माझ्याहून लहान असलेल्या भावाची मुंज झाली आणि त्याच दिवसापासून तो शाळिग्राम उचलून ताम्हनात ठेवू लागला. मी आजोबांना कारण विचारले तेव्हा ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्यात तसं आहे खरं." त्या दगडाच्या एका बाजूला एक भोक होते. आत चक्र आहे, असे भाऊ सांगायचा. बोट घातले की कळते, असेही सांगायचा. ते चक्र हाताला कसे लागत असेल, हा प्रश्न माझ्या मनातून पुढे कित्येक वर्षे गेला नाही.

पुढे मी भूगोलाची शिक्षिका झाले. नवीन वलीपर्वत, नदीचे क्षरणकार्य, घळई हे पाठ शिकवताना काळी गंडकीचा, म्हणजे त्याच गंडकीच्या नेपाळमधील वरच्या प्रवाहाचा, छेद मी दरवर्षी फळ्यावर काढत आले आहे. डावीकडे ८,१६७ मीटरचा धौलागिरी, उजवीकडे ८,०९१ मीटरचा अन्नपूर्णा, दोन्ही शिखरांमध्ये सुमारे ३५ किलोमीटरचे अंतर आणि मधोमध साधारण २,५०० मीटर उंचीवरून वाहणारी नदी. शिखर आणि पात्र यांच्यातील फरक साडेपाच हजार मीटरांहून अधिक भरतो, म्हणून तिला जगातील सर्वांत खोल घळई म्हणतात. तिबेटमधील यार्लुंग त्सांगपोच्या घळईचाही हाच दावा आहे. खोली कुठून कुठे मोजायची, यावर त्याचे उत्तर अवलंबून असते. एका वर्षी एका विद्यार्थिनीने हा छेद आलेखाच्या कागदावर खऱ्या प्रमाणात काढून आणला. ३५ सेंटिमीटर रुंदी आणि जेमतेम साडेपाच सेंटिमीटर खोली. फळ्यावरच्या माझ्या आकृतीतील ती भयंकर चीर त्या कागदावर पसरट परातीसारखी दिसत होती. "बाई, ही खोल वाटतच नाही," ती म्हणाली. तिचे प्रमाण बरोबर होते आणि मी इतकी वर्षे जे काढत होते, ते उंची ताणून काढलेले चित्र होते. ती नदी प्रत्यक्ष पाहायचे मी त्या दिवशी ठरवले. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरच्या आरंभी एका मैत्रिणीला सोबत घेऊन मी पोखऱ्याला उतरले.

पोखऱ्याहून बेनी सुमारे ८० किलोमीटरवर आहे. तिथे पोहोचण्याच्या आधीच काळी गंडकी रस्त्याला भेटते आणि पुढे वर जाणारा रस्ता तिचा हात सोडत नाही. बेनीपर्यंत भाताची खाचरे, केळी, पाणंदीसारख्या वाटा, सगळे आपल्या कोकणात असल्यासारखे वाटते. त्यानंतर डोंगर जवळ येतात, रस्ता कड्यात कोरलेला होतो आणि जीपचा चालक बोलायचे थांबवतो. वाटेत त्याने एका उघड्या पडलेल्या उतारापाशी गाडी हळू केली. २०१५ च्या भूकंपानंतर महिनाभराने, मे महिन्यात, तेथील डोंगर सुटून नदीत आला होता आणि नदी काही तास पूर्ण अडली होती. वर तलाव साचत होता आणि खालच्या गावांतील माणसे रातोरात उंचावर हलवली जात होती. अखेर पाणी दरडीवरून वाहू लागले आणि मनुष्यहानी टळली. चालकाचे घर बेनीत होते. नदीचा आवाज बंद झाल्याने माणसांना जाग आली, असे तो म्हणाला. आम्ही कृष्णाकाठची माणसे नदीचा आवाज वाढला की घाबरतो. आवाज थांबल्याची भीती मला त्याच्या बोलण्यातून पहिल्यांदा समजली.

तातोपानीला मुक्काम केला. नावाप्रमाणे तिथे नदीकाठी गरम पाण्याची कुंडे आहेत. हिमालयाच्या पोटातील जो मोठा भ्रंश आहे, ज्याच्यावरून उत्तरेकडचे खडक सरकून दक्षिणेकडच्या खडकांवर चढले, तो या परिसरातून जातो. फटींतून खोलवर उतरलेले पाणी तापून इथे वर येते. संध्याकाळी त्या कुंडात गळ्यापर्यंत बसून मी दहा हातांवरून धावणारी बर्फाच्या पाण्याची नदी ऐकत होते. पाठ्यपुस्तकातील भ्रंशाची तुटक रेघ पायांखाली ऊन लागत होती.

घळई म्हटल्यावर मनात जे येते, ते त्यापुढच्या टप्प्यात आहे. रुप्से धबधब्यापासून घाँसा गावापर्यंत नदी दोन कड्यांमध्ये अशी आवळली गेली आहे की, वरून पाहताना पाणी दिसतच नाही, पांढरा फेस तेवढा दिसतो. आम्ही तो टप्पा मुद्दाम पायी केला. जीपचा रस्ता एका काठाने जातो आणि जुनी पायवाट बरीचशी दुसऱ्या काठाने, त्यामुळे झुलता पूल ओलांडून पलीकडे गेलो की धूळ आणि भोंगे मागे पडत. खडक इथे नाईस जातीचा आहे, करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कणखर. नदीने तो खरवडून इतका गुळगुळीत केला आहे की, पाण्याच्या वर कितीतरी पुरुष उंचीवरसुद्धा जुन्या भोवऱ्यांनी कोरलेल्या वाट्या दिसतात. म्हणजे कधीकाळी नदी तिथून वाहत होती. दगड दगडावर आपटल्याचे घुमणारे आवाज पाण्याच्या आवाजाखालून येत राहतात. सुरुवातीला मला ती दूरची ढगांची गडगड वाटली. मग लक्षात आले की, तळातून धोंडे घरंगळत चालले आहेत आणि हाच आवाज हे खोदकाम आहे. वर्गात 'घर्षण' हा शब्द मी किती सहज उच्चारते! तिथे उभे राहिल्यावर तो तळपायांना जाणवत होता.

आणि तरीही, जगातील सर्वांत खोल ठिकाणी आपण उभे आहोत असे काहीच तिथे वाटत नव्हते, कारण शिखरे दिसतच नव्हती. जवळचे कडे सगळे आकाश अडवून बसले होते. १९५० साली मोरिस हेर्झोग यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच गिर्यारोहकांनी याच खोऱ्यातील टुकुचे गावी तळ टाकला होता. हाताशी असलेले नकाशे चुकीचे निघाले आणि त्यांचे कित्येक दिवस अन्नपूर्णेकडे जाणारी वाट शोधण्यातच गेले. अखेर ३ जूनला हेर्झोग आणि त्यांचे सहकारी लाशनाल शिखरावर पोहोचले. माणसाने गाठलेले ते ८,००० मीटरवरील पहिले शिखर. त्या खोऱ्यात चालल्यावर त्यांची ती वणवण मला अजिबात नवल वाटण्यासारखी राहिली नाही. एवढा मोठा पर्वत त्याच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

खोली दिसली ती कालोपानीला, दुसऱ्या दिवशी पहाटे. घाँसाच्या वर चढण संपते, पाइनचे रान मागे पडते आणि दरी एकाएकी हात पसरल्यासारखी रुंद होते. सूर्य अजून आला नव्हता. पश्चिमेला धौलागिरीच्या माथ्यावर आधी गुलाबी आणि मग पिवळा उजेड पडला आणि तो खाली उतरू लागला. मी घड्याळ पाहिले. उन्हाची ती रेघ बर्फावरून, हिमनदीवरून, काळ्या कड्यांवरून, मग गवतावरून, मग देवदारांवरून खाली खाली येत होती आणि आम्ही गच्चीवर सावलीत कुडकुडत होतो. पूर्वेच्या रांगेमागून सूर्य वर येऊन आमच्या पायांशी ऊन पोहोचेपर्यंत चहा दोनदा झाला. माझ्या विद्यार्थिनीने काढलेली परात बरोबरच होती. पण त्या परातीच्या काठापासून तळापर्यंत उजेडाला उतरायला लागलेला वेळ मी त्या सकाळी मोजला होता, आणि खोली सांगायची ती एक पद्धत आता मी वर्गात वापरते.

कालोपानीच्या वर लार्जुंग, टुकुचे आणि मार्फा. इथली नदी खालच्या नदीशी नाते सांगत नाही. पात्र अर्ध्या-एक किलोमीटर रुंदीचे, सपाट, गोट्यांनी भरलेले, आणि त्यात नदीच्या चार-पाच धारा एकमेकींत गुंफल्यासारख्या वाहतात. एकेकाळी डोंगराची प्रचंड दरड कोसळून खालची वाट बुजली होती, वर तलाव साचला होता आणि त्या तलावाच्या गाळाचे थर मार्फ्याच्या आसपास आजही सापडतात. आम्ही लार्जुंगहून टुकुचेपर्यंत पात्रातूनच चालत गेलो. पाण्याजवळ बसून मी ओंजळ भरली. आजोबा, पाणी काळे नव्हते. पण निळेही नव्हते. भिजलेल्या पाटीचा जो रंग असतो, तो होता. ओंजळीतून पाणी गळून गेल्यावर तळहाताच्या रेषांमध्ये बारीक काळा गाळ उरला. वरच्या खोऱ्यातील काळ्या शेल खडकाचा तो गाळ आहे आणि पावसाळ्यात पाणी चढले की त्याच गाळाने नदी खरोखर काळी होते. आजोबांना हे कोणी सांगितले असेल? काशीच्या घाटावर भेटलेल्या एखाद्या नेपाळी यात्रेकरूने, किंवा त्यांच्या आजोबांनी.

दहा वाजून गेल्यावर वारा सुटला. त्याच्याबद्दल वाचलेले होते, पण वाचणे वेगळे. वरचे मुस्तांगचे उजाड पठार उन्हाने तापते, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला दक्षिणेकडची हवा या एकमेव खिंडीतून वर ओढली जाते. त्यामुळे वारा रोज ठरल्या वेळी, नदीच्या उलट्या दिशेने, खालून वर वाहतो. वरच्या जोमसोम गावची विमाने याच कारणाने सकाळीच उडून घेतात. दुपारी आम्ही दोघी पाठीवर वाऱ्याचा हात घेऊन चालत होतो आणि समोरून येणाऱ्या खेचरांच्या तांड्याला मान खाली घालून पाऊल टाकावे लागत होते. त्यांच्या गळ्यातील घंटांचा आवाज तांडा अगदी जवळ येईपर्यंत आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही, कारण वारा तो परत ढकलत होता. मार्फ्याची घरे पाहिली की ही माणसे वाऱ्याबरोबर कशी राहतात, ते कळते. जाड दगडी भिंती, अरुंद बोळ, बोळांच्या फरशीखालून वाहणारे पाणी, सपाट धाब्यांच्या कडेने रचलेली सरपणाची मोळी आणि आत अंगण. त्या अंगणात वारा येत नाही.

आपल्याकडे महाबळेश्वरहून माणदेशाकडे जाताना जे घडते, तेच इथे घडते, पण किती मोठ्या मापाने! पोखऱ्याजवळ लुम्ले येथे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पर्वतरांगेपलीकडील जोमसोमला ३०० च्या आसपास. एका दिवसाच्या प्रवासात केळीपासून फापरापर्यंत आपण येतो. फापर म्हणजे कुट्टू. त्याची गुलाबी फुलोऱ्याची शेते कापणीला आली होती. सफरचंदे झाडांवर होती. मार्फ्यातील सफरचंदांच्या बागा गेल्या शतकाच्या साठच्या दशकातील आहेत. त्याआधी या खोऱ्याचे पोट मिठावर चालत असे. तिबेटचे मीठ याक आणि मेंढ्यांच्या पाठीवरून खाली येई, खालचे धान्य वर जाई आणि टुकुचेच्या थकाली, म्हणजे याच खोऱ्यातल्या जमातीच्या, व्यापाऱ्यांच्या वाड्यांत दोघांची अदलाबदल होई. तिबेटची सीमा आवळली गेली, भारतातील समुद्राचे मीठ स्वस्तात येऊन पोहोचले आणि टुकुचेचे ते वाडे ओस पडले. त्यांच्या कोरीव खिडक्या अजून शाबूत आहेत. जुन्या समुद्राचे मीठ नव्या समुद्राच्या मिठाने हटवले, असा विचार त्या खिडक्यांखाली उभी असताना माझ्या मनात आला.

कारण हा सगळा प्रदेश समुद्राचा तळ आहे. तातोपानीपासून वर येताना नाईसची जागा चुनखडक घेतो आणि जोमसोमच्या पुढे काळा, भुसभुशीत शेल दिसू लागतो. हिमाचलातील स्पितीवरून त्याला स्पिती शेल म्हणतात. भारताचा भूभाग अजून आशियाला येऊन भिडला नव्हता, मधे टेथिस समुद्र होता, तेव्हाच्या चिखलाचा तो खडक. आणि नदी? ती हिमालयाच्या मुख्य रांगेच्या उत्तरेला उगम पावते आणि ती रांग मधोमध कापून दक्षिणेला येते. पर्वत आधी असता तर नदीला त्याच्यावर चढता आले नसते. म्हणून भूशास्त्रज्ञ मानतात की, नदी आधीची आहे. पर्वत तिच्या वाटेत वर येत गेला आणि ज्या वेगाने तो उचलला गेला, त्या वेगाने ती तळ खोदत राहिली. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा याही तशाच. नदी पर्वतापेक्षा वृद्ध असू शकते, हे सांगताना वर्गात दरवर्षी शांतता पसरते. मला स्वतःला ते त्या पात्रात चालतानाच खरे वाटले.

कागबेनीच्या अलीकडे आम्ही थांबलो असताना डोक्यावरून करकोच्यांची एक मोठी रांग गेली. शरद ऋतूच्या तोंडावर मध्य आशियाकडून हिंदुस्थानात उतरणारे हे पक्षी हिमालय ओलांडायला याच घळईचा रस्ता धरतात. वारा त्यांच्या समोरून होता. रांग तुटायची, पुन्हा जुळायची, एकाच जागी थिजल्यासारखी व्हायची. पाहणारे सगळे हातातील काम सोडून वर बघत होते आणि कोणीही बोलत नव्हते.

कागबेनीला मुक्तिनाथकडून येणारा ओढा काळी गंडकीला मिळतो. त्या संगमावर लोक पितरांचे श्राद्ध करतात, पिंड देतात. गावाच्या नावातील 'काग' ऐकून मराठी माणसाच्या मनात कावळा आल्यावाचून राहत नाही. तिथे मी आजी-आजोबांच्या नावाने पाणी सोडले. विधी कोणाकडून करवून घेतला नाही, फक्त ओंजळीने पाणी सोडले.

आम्ही उतरलो होतो ते घर एका थकाली बाईंचे होते. या वाटेवरच्या खाणावळी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच चालवल्या आहेत, त्यांना भट्टी म्हणतात. साठीच्या त्या दिदी चुलीपाशी बसून ढिंडो घोटत होत्या, म्हणजे फापराच्या पिठाचे उकडपेंडीच्या जवळ जाणारे जेवण. मी शाळिग्रामाबद्दल विचारले. त्यांनी पीठ लागलेला हात पदराला पुसला, फडताळातील डब्यातून एक काळा गोटा काढला आणि काही न बोलता माझ्या तळहातावर ठेवला. चुलीजवळच्या फडताळातला असल्याने तो उबदार होता. मला त्यावेळी काय झाले, ते नीट सांगता येत नाही. चाळीस वर्षे मी ज्या दगडाला गंध उगाळून दिले, त्याच्या जातीचा दगड माझ्या हातात होता आणि देणारीने तो हात पुसून, सहज दिला होता. भोकात मी करंगळी घातली. आत पन्हळी होत्या. एकामागे एक, गोलाकार वळत जाणाऱ्या, बारीक कडा असलेल्या, शिंपल्याच्या पाठीसारख्या. बोट फिरवत गेले की त्या आत आत लहान होत जात होत्या.

पुराणे सांगतात की, वज्रकीट नावाचा किडा आपल्या दातांनी शिळा पोखरून आत चक्र कोरतो. भूशास्त्र सांगते की, त्या खुणा अमोनाइट नावाच्या समुद्रजीवाच्या शंखाच्या आहेत. पंधरा कोटी वर्षांच्या आसपास तो चिखलात रुतला आणि त्याच्याभोवती खनिजे गोळा होऊन घट्ट गोळा झाला. नदी शेल झिजवते, गोळा सुटतो आणि पात्रात येतो. मला या दोन सांगण्यांत भांडण लावावेसे वाटत नाही. ज्या कोणी पहिल्यांदा त्या पन्हळींवर बोट फिरवले, त्याने हे ओळखले की हा दगड नुसता दगड नाही, याच्या आत एक जीव काम करून गेला आहे. इतके बरोबर ओळखायला त्याच्याजवळ बोटाशिवाय काही साधन नव्हते. अमोनाइट ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्याच सुमारास आमच्याकडे लाव्हाचे थर एकावर एक साचत होते. दख्खनच्या त्या थरांच्या एका गटाला भूशास्त्रात आमच्या गावावरून वाई हेच नाव आहे. ज्या डोंगरांना आम्ही अनादि समजत होतो, त्यांच्यापेक्षा देवघरातील तो दगड दुपटीहून अधिक वयाचा होता.

मी दिदींना विचारले की, इकडे बायका याला हात लावतात का? त्यांना माझा प्रश्न कळला नाही. मी पुन्हा, हिंदी आणि मोडक्या नेपाळीत विचारला. "नदीतून वेचतो आम्हीच ना, बहिनी," त्या म्हणाल्या.

वृंदेची कथा मी आजीकडून ऐकली होती. जालंधराचे रूप घेऊन विष्णूने वृंदेला फसवले, तिने त्याला दगड होशील असा शाप दिला आणि ती स्वतः तुळस झाली. तो दगड म्हणजे हा. एका बाईच्या दुखावलेल्या शब्दातून तो झाला आणि त्याच बाईच्या जातीला त्याचा स्पर्श वर्ज्य ठरवला गेला. माझ्या आजोबांवर माझे फार प्रेम होते आणि आहे. पण त्यांनी पाळलेला हा नियम चुकीचा होता, असे मी आता स्पष्ट म्हणते. ते हयात असते तर त्यांच्यासमोरही म्हटले असते आणि मला वाटते, ते पुन्हा थोडा वेळ गप्प राहिले असते.

दिदी तो गोटा मला देऊन टाकायला तयार होत्या. मी तो घेतला नाही. मुक्तिनाथच्या वाटेवर दुकाने आहेत आणि तिथे शाळिग्राम विकायला मांडलेले असतात. काही तर आतील चक्र दिसावे म्हणून फोडून दोन शकले केलेले. शाळिग्रामाचा क्रयविक्रय करू नये, तो दिला-घेतला जावा, असे आपल्याकडे सांगत आले आहेत आणि ही रूढी मला मनापासून पटते. नदीने लाखो वर्षांत न फोडता आणून दिलेली वस्तू हातोड्याच्या एका घावाने उघडायची, यात पाहण्याची ओढ कमी आणि घाई अधिक आहे. आमच्या घरी एक आहे. दुसरा मला कशाला हवा होता?

मुक्तिनाथबद्दल थोडेच सांगते. ३,७०० मीटरच्या उंचीवर गोमुखांतून पडणाऱ्या १०८ धारा आहेत. त्यांच्याखालून पळत जाताना श्वास जागच्या जागी थांबतो. वैष्णवांचे ते दिव्य क्षेत्र आहे आणि बौद्धांचेही तितकेच. ज्वालामाईच्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, भूमीतून निघणाऱ्या वायूची निळी ज्योत पाण्याशेजारी जळत असते. देवळात माझ्या कपाळाला टिळा लावला तो एका वृद्ध बौद्ध भिक्षुणीने. परतताना कागबेनीला उतरून मी संगमावर एक बाटली भरून घेतली.

दिवाळीला वाईला गेले तेव्हा बाटलीतील पाणी निवळून स्वच्छ झाले होते आणि तळाशी बोटाच्या पेराएवढा काळा थर बसला होता. आता पूजा बाबा करतात. त्यांचे वय ८१ आहे आणि हात थरथरतात. पाडव्याच्या सकाळी त्यांनी संपुष्ट उघडले, शाळिग्राम ताम्हनात ठेवला आणि मी वरचे निवळ पाणी पळीत घेऊ लागले तर म्हणाले, "हलव बाटली. गाळासकट ओत." मी बाटली हलवली. पाणी पुन्हा कागबेनीला होते तसे झाले. अभिषेक झाला आणि शाळिग्राम पुसायला म्हणून त्यांनी उचलला, तो ओल्या बोटांतून निसटला, ताम्हनाच्या काठावर आपटला आणि घरंगळत आईच्या पाटापाशी गेला.

आईच्या लग्नाला ५० वर्षे होऊन गेली आहेत. तिने बाबांकडे पाहिले नाही आणि माझ्याकडेही पाहिले नाही. वाकून तो उचलला, कुठे फुटला तर नाही ना म्हणून उजेडाकडे धरला, पदराने पुसला आणि पुसता पुसता तिचे बोट त्या भोकात गेले. ते तिथेच राहिले.

"आत वळ्या लागतात गं," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "हो. चक्र म्हणतात त्याला."

तिने तो संपुष्टात ठेवला. मग ताम्हनातील काळसर पाणी तांब्यात काढून घेतले आणि रोजच्यासारखी ती ते तुळशीला घालायला अंगणात गेली.